सोळा महिने त्याचे घटले, माझ्या मुलाचे का नाही?

पत्र थोडक्यात: न्यू जर्सीत राहणाऱ्या बासष्ट वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. १९९४ मध्ये पती आणि सहा वर्षांच्या मुलासह त्या सांगलीहून इथे आल्या. पती आता नाहीत. मुलगा अमली पदार्थांच्या विक्रीसाठी विसाव्या आणि तेविसाव्या वर्षी राज्याच्या न्यायालयात दोषी ठरला. २०१७ मध्ये कोकेनच्या तिसऱ्या प्रकरणात फेडरल, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयाने त्याला १८८ महिन्यांची शिक्षा दिली. त्याच खटल्यातल्या दुसऱ्या मुलाकडे माल जास्त सापडला होता, तरी नव्या नियमामुळे त्याची शिक्षा सोळा महिन्यांनी कमी झाली. ताईंच्या मुलानेही तुरुंगातून अर्ज केला, तो फेटाळला गेला. आता एक ‘सल्लागार’ साडेसहा हजार डॉलर मागतो आहे. कायदा बदललाय, मागच्यांनाही लागू आहे, काम होऊन जाईल, असं तो सांगतो. शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय त्याला. ताई सासूबाईंच्या पाटल्या विकायच्या विचारात आहेत. त्या विचारतात, ‘हा अन्याय नाही का? की तीनदा चुकलेल्या मुलासाठी आईने काही मागूच नये? सांगलीच्या माझ्या बहिणीला अजून वाटतं, तो टेक्सासला नोकरी करतो.’

ताई,

सगळ्यात आधी पाटल्या. त्या लॉकरमध्ये आहेत तिथेच राहू द्या. का, ते पुढे येईलच.

मी वकील नाही. पण गेली बारा वर्षं अशा घरांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून न्यायालयाचे कागद वाचून दाखवत आले आहे, आणि तुमचा प्रश्न मी दर वर्षी तीन-चार वेळा तरी ऐकते. ‘हा अन्याय नाही का’ आणि ‘मागूच नये का’ ही दोन वाक्यं तुम्ही लागोपाठ लिहिलीत. वरवर ती एकमेकांविरुद्ध वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. न्यायाधीशांनी दोन मुलं तराजूत घातली, तुमचं पोर तीनदा पकडलं गेलेलं म्हणून ते नालायक ठरलं आणि दुसरं सुधारलेलं ठरलं, अशी.

तसं काही झालेलं नाही. त्या हुकुमाचा फोटो तुम्ही पाठवलात, तो परत बघा. एक पानी छापील फॉर्म आहे. अर्ज मंजूर, अर्ज नामंजूर, असे चौकोन, एकात खूण, आणि खाली ‘करिअर ऑफेंडर (सराईत गुन्हेगार) असल्याने गाईडलाइनची रेंज बदलत नाही’ अशा अर्थाची दीड ओळ. मुलगा सुधारला का, त्याने कुठले कोर्स केले, आई किती थकली, यातलं काही न्यायाधीशांनी तोललंच नाही. तोलायची वेळच आली नाही.

हे कसं, ते जरा सावकाश सांगते, कारण सगळी गोम इथेच आहे.

फेडरल न्यायालयात शिक्षा ठरवताना एक तक्ता वापरतात. त्याच्या एका बाजूला गुन्ह्याची पातळी असते, दुसऱ्या बाजूला पूर्वेतिहासाच्या सहा श्रेणी. दोन्ही रेषा जिथे मिळतात त्या चौकोनात महिन्यांचे दोन आकडे असतात. हीच ती रेंज. हा तक्ता आणि त्याची नियमावली, म्हणजे गाईडलाइन, शिक्षा आयोग बनवतो, आणि अधूनमधून दुरुस्त्याही करतो. बहुतेक दुरुस्त्या पुढच्या खटल्यांपुरत्या असतात. मोजक्याच आयोग पूर्वलक्षी ठरवतो, म्हणजे आधीच शिक्षा भोगत असलेल्यांनाही लागू करतो.

दुसऱ्या मुलाला लाभली ती ८२१ क्रमांकाची दुरुस्ती असणार. ती १ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाली, आणि तिच्यामुळे होणाऱ्या सुटका १ फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झाल्या. पूर्वी एखाद्याने प्रोबेशनवर किंवा पॅरोलवर असताना गुन्हा केला, तर त्याच्या पूर्वेतिहासात सरसकट दोन गुण वाढायचे. आता जुने गुण सातपेक्षा कमी असतील तर हे जादाचे गुण धरतच नाहीत, आणि सात किंवा जास्त असतील तर दोनऐवजी एकच धरतात. समजा त्या मुलाचे पाच गुण होते. पाच आणि दोन सात, म्हणून तो चौथ्या श्रेणीत होता. आता पाचच राहिले, तो तिसऱ्या श्रेणीत आला. चौकोन बदलला, महिने घटले. माल किती होता याचा या हिशेबाशी संबंधच नाही. तुम्हाला जे बोचतंय, की जास्त मालवाला सुटतो आणि कमी मालवाला नाही, त्याचं उत्तर एवढंच आहे.

तुमच्या मुलाचं काय झालं? आताच्या गुन्ह्याच्या वेळी वय अठराच्या वर, गुन्हा अमली पदार्थांचा किंवा हिंसेचा, आणि मागे अशाच प्रकारचे किमान दोन गंभीर गुन्हे सिद्ध झालेले, असं असलं की गाईडलाइन त्या माणसाला ‘करिअर ऑफेंडर’ म्हणते. हा शिक्का बसला की दोन गोष्टी आपोआप होतात. पूर्वेतिहासाची श्रेणी थेट सहावी, म्हणजे शेवटची. आणि गुन्ह्याची पातळी मालाच्या वजनावरून न ठरता, त्या कलमाखाली जास्तीत जास्त किती शिक्षा देता येते त्यावरून ठरते. त्याच्या कलमाला कमाल चाळीस वर्षं आहेत, म्हणून पातळी ३४. गुन्हा कबूल केला म्हणून तीन वजा, ३१. सहावी श्रेणी आणि ३१ यांच्या चौकोनात काय लिहिलंय? १८८ ते २३५. त्याला खालचा आकडा मिळाला.

हा शिक्का नसता तर? पाचशे ग्रॅम ते दोन किलो कोकेनची पातळी २४. तीन वजा, २१. श्रेणी चौथी धरू, मग रेंज ५७ ते ७१ महिने, आणि कायद्याची किमान सक्तीची शिक्षा साठ महिने. म्हणजे शिक्षेचा मोठा भाग कोकेनचा नाही, शिक्क्याचा आहे. म्हणून श्रेणीचे गुण कमी करणारी दुरुस्ती येवो की मालाच्या वजनाची पातळी उतरवणारी, त्याचा चौकोन हलत नाही. २०१४ मध्ये मालाच्या तक्त्यात सगळ्यांच्याच दोन पातळ्या कमी करणारी ७८२ क्रमांकाची दुरुस्ती आली, पूर्वलक्षीही झाली, तीस हजारांहून अधिक कैद्यांची शिक्षा तिच्यामुळे घटली. करिअर ऑफेंडर तेव्हाही बाहेरच राहिले, कारण त्यांच्या रेंजचा पाया वजन नव्हताच.

आता अन्यायाचं. माझं मत विचाराल तर हा शिक्का फार बोथट आहे. विशीतल्या दोन विक्र्या आणि दोन सशस्त्र दरोडे त्याला सारखेच दिसतात. हे मी एकटी म्हणत नाही. खुद्द शिक्षा आयोगानेच २०१६ मध्ये काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, अहवाल दिला की, ज्यांच्या इतिहासात हिंसा नाही, फक्त अमली पदार्थ आहेत, त्यांना या शिक्क्यातून वगळावं. काँग्रेसने ते अजून केलेलं नाही. पण तुमच्या मुलाकडचं अर्धा किलोहून जास्त कोकेन कुणाच्या तरी मुलांपर्यंत पोचणार होतं, हेही तुम्ही आणि मी विसरायचं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

तुमची दुसरी समजूत, की वारंवार गुन्हा करणाऱ्याला मागची सवलत मिळतच नाही, हीसुद्धा तितकीशी बरोबर नाही. कार्लोस कॉन्सेप्सियन यांचं प्रकरण ऐका. क्रॅक कोकेनच्या (म्हणजे ओढायच्या खड्यांच्या कोकेनच्या) गुन्ह्यात २००९ मध्ये एकोणीस वर्षांची शिक्षा, आणि तेही करिअर ऑफेंडरच. क्रॅक आणि साध्या कोकेनच्या शिक्षेत १९८६ पासून शंभरास एक असा फरक होता. पाच ग्रॅम क्रॅकला जी किमान शिक्षा, तीच पाचशे ग्रॅम पावडरला. २०१० च्या कायद्याने तो फरक अठरास एकवर आणला, पण नव्या खटल्यांपुरताच. डिसेंबर २०१८ च्या फर्स्ट स्टेप अॅक्टच्या ४०४ व्या कलमाने तो मागच्यांनाही खुला केला. कॉन्सेप्सियन यांनी वकिलाशिवाय स्वतः अर्ज केला, आणि जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की, असा अर्ज ऐकताना न्यायाधीश नंतर बदललेला कायदा आणि तुरुंगातली वागणूकही विचारात घेऊ शकतात. करिअर ऑफेंडर असूनही त्यांना उंबरा ओलांडता आला, कारण तिथे बदललं होतं ते मूळ कायद्याचं कलम, आयोगाचा तक्ता नव्हे.

त्याआधी वर्षभर, जून २०२१ मध्ये, टेरी नावाच्या माणसाला त्याच न्यायालयाने नाही म्हटलं. त्याच्याकडे जेमतेम चार ग्रॅम क्रॅक होतं. इतक्या कमी मालाला जे उपकलम लागतं, त्यातली शिक्षा २०१० मध्ये बदललीच नव्हती, म्हणून तो अपात्र. त्याची शिक्षा किती होती माहीत आहे? १८८ महिने. तुमच्या मुलाइतकीच.

तुमच्या मुलाचा माल पावडर कोकेन, म्हणजे ४०४ वं कलम त्याला नाही. त्याच फर्स्ट स्टेप अॅक्टने वारंवार गुन्ह्यांसाठीची किमान सक्तीची शिक्षाही उतरवली. वरच्या वजनाच्या गुन्ह्यांत वीस वर्षांची पंधरा, आणि जन्मठेपेची पंचवीस. पण ती २१ डिसेंबर २०१८ च्या आधी शिक्षा झालेल्यांना दिली नाही. तुमच्या सल्लागाराने बहुधा ही सगळी कलमं एका पातेल्यात ढवळून ‘कायदा बदललाय’ असं तुम्हाला वाढलं आहे.

तुमचे दीर म्हणतात की भारतात बरं, पंधरा ऑगस्टला माफी मिळते. त्यांना सांगा, या गुन्ह्यांत तिकडेही मिळत नाही. भारतातल्या अमली पदार्थांच्या, म्हणजे एनडीपीएस, कायद्याचं ३२-अ कलम शिक्षामाफीला आडवं येतं. २००० मध्ये दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपिलाच्या काळात शिक्षा स्थगित करायचा न्यायालयांचा अधिकार परत दिला, पण सरकारी माफीची बंदी कायम ठेवली.

मग उरलं काय? उरलंय, आणि ते तुमच्या पत्रात एका ओळीनेही नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. आपण सगळे न्यायालयाच्या दाराकडे डोळे लावून बसतो, आणि वेळ कमी होते ती पुष्कळदा तुरुंगाच्या कारकुनाच्या टेबलावर.

चांगल्या वर्तनाची सूट शिक्षेच्या दर वर्षामागे ५४ दिवसांपर्यंत असते. १८८ महिन्यांवर ती सव्वादोन वर्षांहून अधिक होते. ती बहुधा धरलेलीच असेल, सुटकेच्या तारखेच्या कागदावर बघा. त्याखेरीज फर्स्ट स्टेप अॅक्टचे क्रेडिट. मान्य कार्यक्रमात भाग घेतला की दर तीस दिवसांमागे दहा दिवस, आणि पुन्हा गुन्हा करण्याच्या धोक्याची पातळी सलग कमी राहिली तर आणखी पाच. यातून वर्षभर आधी सुटका होऊ शकते, आणि उरलेले दिवस हाफवे हाउसमध्ये (सुटकेआधीच्या देखरेखीतल्या वसतिगृहात) किंवा घरी काढता येतात. या क्रेडिटला करिअर ऑफेंडरचा शिक्का आडवा येत नाही. वगळलेल्या गुन्ह्यांची वेगळी यादी आहे. ठरावीक वजनापुढची फेंटानिलची विक्री तिच्यात आहे, तुमच्या मुलासारखं साधं कोकेनचं प्रकरण नाही. मात्र क्रेडिट वापरायला धोक्याची पातळी ‘किमान’ किंवा ‘कमी’ हवी. जुन्या गुन्ह्यांमुळे ती वर जाते, तर वाढतं वय, पूर्ण केलेले कोर्स आणि शिस्तभंग न होणं यांनी खाली येते. अडतिसाव्या वर्षी तो अठ्ठाविसाव्या वर्षीचा माणूस नाही, आणि ते या एका तक्त्याला तरी कळतं.

दुसरं, आरडीएपी म्हणजे व्यसनमुक्तीचा निवासी कार्यक्रम, पाचशे तासांचा. तो पूर्ण केला तर वर्षापर्यंत सूट मिळू शकते. अट अशी की तो स्वतः व्यसनी असल्याची नोंद आधीपासून हवी, आणि प्रकरणात बंदूक असेल तर सूट जाते. ‘माझा मुलगा विकायचा, पण घ्यायचा नाही’ असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. ताई, खात्री आहे? शिक्षेआधी प्रोबेशन अधिकाऱ्याने घेतलेल्या मुलाखतीत त्याने काय सांगितलं होतं, ते त्याला एकदा विचारा. ते वाक्य आज उपयोगी पडेल.

तिसरं, ज्याला कंपॅशनेट रिलीज म्हणतात ते, म्हणजे खास कारणासाठी न्यायालयाने शिक्षा कमी करणं. आजार, वय, घरची असाधारण अडचण ही त्याची कारणं. नोव्हेंबर २०२३ पासून आयोगाने ‘असाधारण लांब शिक्षा’ हेही एक कारण घातलं. त्यासाठी दहा वर्षं भोगलेली हवीत, आणि मध्यंतरी कायदा असा बदललेला हवा की आजची शिक्षा फारच वेगळी झाली असती. मात्र आयोगाची जी दुरुस्ती पूर्वलक्षी नाही, ती असा बदल म्हणून चालत नाही. न्यू जर्सी ज्या तिसऱ्या सर्किटमध्ये येते, तिथल्या अपील न्यायालयाने २०२४ मध्ये, मागच्यांना न दिलेले फर्स्ट स्टेप अॅक्टचे बदलही या वाटेने आत आणू दिले नाहीत, आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे आज काय स्थिती आहे, हा वकिलाला विचारायचा तुमचा पहिला प्रश्न. अर्जाआधी वॉर्डनकडे लेखी विनंती करून तीस दिवस थांबावं लागतं.

आणि राष्ट्राध्यक्षांकडे शिक्षा कमी करण्याचा अर्ज. फॉर्मला एक पैसा लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये बायडन यांनी अमली पदार्थांच्या अहिंसक गुन्ह्यांतल्या जवळपास अडीच हजार जणांची शिक्षा एका दिवसात कमी केली. ती राज्यकर्त्याची मर्जी असते, तिच्यावर घर उभारू नका. पण अर्ज पाठवून ठेवायला काय जातं?

एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, तिने मात्र मी दचकले. ‘माझं नागरिकत्व २००५ ला झालं, त्याचं राहूनच गेलं.’ राहून गेलं नसेल! २००५ मध्ये तो सतरा वर्षांचा होता. आईला नागरिकत्व मिळालं तेव्हा मूल अठराच्या आत, ग्रीन कार्डवर आणि आईच्या ताब्यात इथेच राहत असेल, तर फेब्रुवारी २००१ पासून लागू असलेल्या कायद्याने ते आपोआप नागरिक होतं. प्रमाणपत्र नसलं तरी. नागरिक नसता, तर या गुन्ह्यावरून हद्दपारीची कारवाई होते, आणि हद्दपारीचा अंतिम हुकूम असलेल्याला ते क्रेडिट वापरता येत नाहीत. तुरुंगाच्या नोंदीत तो ‘भारतीय’ म्हणून बसला असेल तर ती नोंद दुरुस्त करून घेणं हे या घडीचं सगळ्यात मोलाचं काम आहे. तुमचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, त्याचा जन्मदाखला आणि जुनं ग्रीन कार्ड, तिन्ही एका पाकिटात घालून इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा. साडेसहा हजारांतले काही शे खर्चायचेच असतील तर इथे खर्चा.

बाकी कागद कुठून मिळतील? न्यायालयाच्या ऑनलाइन नोंदीतून निकालपत्र, प्ली अॅग्रीमेंट (गुन्हा कबुलीचा करार) आणि सुनावणीचा वृत्तांत काढा. पानाला दहा सेंट, एका कागदाला जास्तीत जास्त तीन डॉलर (वृत्तांताला मात्र ही मर्यादा नाही), आणि तिमाहीत बिल तीस डॉलरच्या आत राहिलं तर तेही माफ. प्रोबेशन अधिकाऱ्याने शिक्षेआधी तयार केलेला प्री-सेंटेन्स रिपोर्ट मात्र मुलाकडे मागू नका. कैद्यांना तो जवळ बाळगू देत नाहीत, कारण त्यात कोणी कोणाविरुद्ध काय सांगितलं ते असतं, आणि बराकीत त्यावरून डोकी फुटतात. त्याला तो केस मॅनेजरच्या खोलीत बसून वाचता येतो, तेवढं पुरे. मग फेडरल पब्लिक डिफेंडरच्या, म्हणजे सरकारी खर्चाने मिळणाऱ्या बचावाच्या वकिलांच्या, कचेरीला फोन करा, न्यूअर्क, ट्रेंटन आणि कॅम्डेनला आहेत. आमच्याकडे पैसे नाहीत म्हणून लाजू नका, ती कचेरी त्यासाठीच आहे. त्यांना एवढंच विचारा की त्याची रेंज कशावर उभी आहे, आणि मागचे दोन्ही गुन्हे आजच्या व्याख्येत अजून मोजले जातात का. या व्याख्या खरंच हलतात. तिसऱ्या सर्किटने २०२० मध्ये सांगितलं की नुसता कट किंवा प्रयत्न यात मोजायचा नाही, आणि २०२३ मध्ये आयोगाने मजकूर बदलून तो पुन्हा आत घेतला. मोजणी चुकली असं निघालं तरी शिक्षा आपोआप कमी होत नाही, पण वकिलाच्या हातात एक मुद्दा येतो.

‘आईने मागावं का’ याचं उत्तर मी देणार नाही, कारण तुम्ही मागतच आहात. प्रश्न काय मागायचं एवढाच. असा कुठलाही अर्ज ऐकताना न्यायाधीश विचारतात, हा बाहेर आला तर जाणार कुठे? ‘माझा मुलगा मनाने चांगला आहे’ अशी पत्रं त्यांच्याकडे गठ्ठ्याने येतात. तुम्ही लिहा की मागची खोली रिकामी आहे, बस थांबा चार मिनिटांवर आहे, अमुक ठिकाणी व्यसनमुक्तीची बैठक दर मंगळवारी भरते, आणि मी बासष्टची आहे, मला काही झालं तर माझा हा भाचा त्याला न्यायला-आणायला येईल. भाच्याची सही खाली हवी. म्हणजे भाच्याला सांगावं लागेल, आणि भाच्याला सांगितलं की सांगलीला कळणारच. मला वाटतं, बहिणीला तुम्हीच आधी फोन करावा. टेक्सासची नोकरी दहा वर्षं टिकली, हे तिला कधीच खटकलं नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं?

मुलाचा पुढचा फोन येईल तो पंधरा मिनिटांत कट होणार. त्यात रडणं, जेवलास का, सगळंच असतं. पहिल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी विचारून घ्या: धोक्याची पातळी काय लागली आहे, क्रेडिट किती जमले, आणि नोंदीत नागरिकत्वाच्या रकान्यात काय लिहिलं आहे. हातात पेन असू द्या.

आणि तो शुक्रवार. सल्लागाराला नाही म्हणायची गरज नाही. एवढंच सांगा: दुरुस्ती कितव्या क्रमांकाची, ती करिअर ऑफेंडरच्या रेंजला कशी लागू होते, आणि माझ्या मुलाचा अर्ज याच मुद्द्यावर फेटाळला गेला असताना तुम्ही वेगळं काय करणार, हे सहीनिशी लिहून द्या. लिहून दिलं, तर तो कागद मला पाठवा. वाचायला मला नक्की आवडेल.